कचरा कोणाचा, घाण कोण?

"झोपडपट्टीवाले घाण करतात" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता जरा हिशोब मांडू या.

घरातला कचरा उत्पन्नासोबत वाढतो. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या दारात पार्सलचे खोके, बाटल्या, उरलेले अन्न. वस्तीत डबा फुटेपर्यंत वापरतात, रद्दी-लोखंड भंगारात जाते, शिळी भाकर सकाळी कुस्करून खातात. तिथे प्लास्टिक दिसते ते पुड्यांचे. रोजंदारीवाल्याला शाम्पूची बाटली एकदम परवडत नाही, म्हणून तो पुडी घेतो. त्या पुडीला भंगारवाला दमडीही देत नाही. शिवाय घंटागाडी सोसायटीच्या गेटपर्यंत जाते, वस्तीच्या बोळात शिरत नाही. सोसायटीचा जास्तीचा कचरा उचलला जातो म्हणून दिसत नाही. वस्तीचा थोडका पडून राहतो म्हणून दिसतो.

मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी महाडला बाबासाहेब आपल्या लोकांना मृतमांस आणि उष्टे सोडायला सांगत होते. शहराचे उष्टे मात्र आजही आपल्याच आयाबहिणींच्या हातात आहे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. तरी डायपर आणि फुटकी काच एकाच पिशवीत येते. कारण "उचलणारी आहे ना" ही खात्री जातीने दिली आहे.

आता थोडे कडू. आपल्यातले जे फ्लॅटमध्ये गेले, त्यांच्या घरी दोन डबे आहेत का? १४ एप्रिलची मिरवणूक संपल्यावर रस्त्यावरचे पाण्याचे पाऊच कोण झाडते? पहाटे झाडू घेऊन येणारी ती बहुधा आपलीच मावशी असते.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून संघटन करून कचरावेचकांना ओळखपत्र मिळवून दिले. कोणी म्हणेल, याने जातीचाच धंदा पक्का होतो. धोका खरा आहे. म्हणून मागणी दुहेरी हवी: आज काम करणारीला पूर्ण मजुरी, हातमोजे, विमा, तिच्या मुलांना शिक्षण आणि या कामातून सुटका. आणि कचऱ्याचा आकार घरटी सारखा नको, वजनावर घ्या. जो जास्त टाकतो, तो जास्त भरेल.

सुरुवात आपल्या घरातून, आपल्या जयंतीतून करू.

जय भीम!