कायदा दुकानाच्या काउंटरवरच हवा

गुन्हेगार कायदा पाळतच नाहीत, मग कायदे कडक करून छळ कोणाचा? सरळमार्गी माणसाचाच! अमेरिकेत बंदूक-नियंत्रणाचा विषय निघाला, की विरोधक हमखास हा मुद्दा पुढे करतात. टेक्सासमधल्या उवाल्डे गावाने तो पार उघडा पाडला. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस होताच दोन एआर धाटणीच्या रायफली घेतल्या होत्या, अगदी कायदेशीरपणे. त्याने पिस्तूल मागितलं असतं, तर दुकानदाराला नकार द्यावा लागला असता. केंद्रीय कायद्यानुसार दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, रायफलीला १८ चालतं. लहान हत्यारावर बंधन आणि संहारक हत्यार मोकळं, याचं समर्थन कोणी कसं करावं?

बंदूकधारी दुर्जनाला बंदूकधारी सज्जनच रोखतो, हा बंदूकसमर्थक नॅशनल रायफल असोसिएशनचा लाडका दावा. उवाल्डेत ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. आतून मुलं मदतीसाठी फोन करत होती, बाहेर आईबापांना अडवून धरलं होतं, आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. समोर एआर रायफल असल्याच्या धास्तीने थांबलो, असं काही अधिकाऱ्यांनीच नंतर चौकशीत सांगितलं.

राहता राहिली विरोधक जिचा आधार घेतात ती दुसरी घटनादुरुस्ती. शस्त्र बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालातच न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचं स्पष्ट केलं आहे.

कडक कायदा मुख्यतः वेळ मिळवून देतो, आणि इथे वेळ म्हणजे जीव. २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली. त्यातल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. आत्महत्येची ऊर्मी बहुधा ओसरते, पण हाताशी बंदूक असली की माणूस सहसा वाचत नाही. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना मारणाऱ्याची खरेदीपूर्व पार्श्वभूमी-तपासणी तीन दिवसांत पुरी झाली नाही, एवढ्यावरच त्याला पिस्तूल मिळालं. तपासणी संपेपर्यंत विक्रीच नको, खासगी विक्रीलाही तपासणी हवी आणि रायफलीसाठीही वय २१ हवं, या मागण्यांत जुलूम कसला?

फ्लोरिडाने यातलं बरंच करून दाखवलं. पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर तीन-चार आठवड्यांतच, मार्च २०१८ मध्ये, रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने सर्व बंदुकांच्या खरेदीसाठी किमान वय २१ केलं आणि धोकादायक ठरलेल्याची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची सोय केली. रायफल असोसिएशनने वयाच्या अटीला लगोलग आव्हान दिलं. २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ती अट वैध ठरवली.