आधारचा फोटो पाठवताय? फाइल लहान झाली म्हणजे सुरक्षित झाली असे नाही!

सिमकार्ड असो, पीकविमा असो की शिष्यवृत्तीचा अर्ज. 'आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा' हे वाक्य भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईपासून पुण्यापर्यंत सारखेच ऐकू येते. वाटेत व्हॉट्सअ‍ॅपचे एन्क्रिप्शन असते. पोहोचल्यावर मात्र तो फोटो समोरच्याच्या गॅलरीत उघडाच पडून राहतो.

फोटो लहान कसा होतो?

वेव्हलेट पद्धतीत चित्राचे चार भाग करतात: एक ढोबळ आणि तीन बारकाव्यांचे (आडवे, उभे, तिरपे). नेहमीच्या पद्धतीत फक्त ढोबळ भाग पुन्हा फोडतात. 'वेव्हलेट पॅकेट'मध्ये बारकाव्यांचे भागही फोडता येतात. मग डोळ्यांना न जाणवणारे आकडे गाळले की फाइल हलकी होते.

बोटाच्या ठशात खरी माहिती रेषांमध्ये, म्हणजे बारकाव्यांतच असते. म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने १९९३ मध्ये स्वीकारलेल्या डब्ल्यूएसक्यू मानकात ठशाचे ६४ पट्टे पाडले जातात. त्यामुळे फाइल सुमारे १५ पट लहान होते.

मग कुलूप कुठे?

कोणता भाग फोडला आणि कोणता नाही, याचा नकाशाच गुप्त ठेवायचा आणि तोच किल्ली म्हणून वापरायचा, अशी कल्पना संशोधकांनी मांडली आहे. एक मात्र लक्षात ठेवा: आकडे उघडे राहिले तर नकाशाचा अंदाज बांधता येऊ शकतो. भक्कम मार्ग साधा आहे. आधी कॉम्प्रेस करा, मग एईएससारख्या पद्धतीने एन्क्रिप्ट करा. क्रम उलटला तर फाइल लहान होतच नाही, कारण एन्क्रिप्ट केलेल्या डेटात गाळण्यासारखे काही सापडत नाही.

आधारमध्ये काय आहे?

देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. आजच्या आधारवरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये तुमचा छोटा फोटो जेपीईजी २००० या वेव्हलेटवरच्या पद्धतीने बसवलेला असतो. सोबत यूआयडीएआयची डिजिटल सही असते. फोटो किंवा पत्ता बदलला की सही जुळत नाही. ही तपासणी इंटरनेटशिवायही होते. सहीमुळे माहिती लपत नाही, ती फक्त अस्सल असल्याचे कळते. पूर्ण आधार क्रमांक मात्र या कोडमध्ये नसतो, शेवटचे चारच आकडे असतात.

करायचे काय?

तंत्रज्ञान हातात असताना झेरॉक्स आणि फोटो गोळा करण्याची सवय चालू ठेवणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवा केंद्रे आणि दुकानांनी क्यूआर स्कॅन करावा, प्रत ठेवू नये. प्रत द्यावीच लागली तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. काम झाल्यावर समोरच्याला फोटो डिलीट करायला सांगा. असे सांगण्यात संकोच नको; क्रमांक तुमचा आहे.