मेंदूतली तार आणि आपली आशा

अब्बांचा हात बसल्या जागी थरथरतो, पावलं अडखळतात, सज्द्यातून उठायला वेळ लागतो. आपण म्हणतो, वय झालं. कुणी म्हणतं, नजर लागली. पण हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असू शकतो. यात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडतं. मुष्टियोद्धे मोहम्मद अली यांना १९८४ मध्ये हाच आजार असल्याचं कळलं. १९९६ साली त्यांनी थरथरत्या हातांनी ऑलिंपिकची ज्योत पेटवली आणि ते २०१६ पर्यंत जगले.

हल्ली मोबाइलवर मेंदूत तार किंवा चिप बसवल्याचे व्हिडिओ फिरतात आणि घरोघरी आशा जागते. मात्र यातल्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, डीबीएस. मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या त्वचेखाली बॅटरी बसवतात. ही पद्धत १९८७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी ती अनेक वर्षं करत आले आहेत, म्हणजे नाशिककरांसाठी ती फार दूर नाही. गोळ्या लागू पडतात, पण त्यांचा असर लवकर ओसरतो, अशा रुग्णांना तिचा फायदा होतो. विस्मरण किंवा तोल जाणं तिने सहसा सुधारत नाही. आजार मुळापासून जात नाही, गोळ्याही बहुधा चालूच राहतात. खर्च अनेक लाखांचा, आणि साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. यंत्र पूर्ण त्वचेखाली असल्यामुळे जखम भरल्यावर वुजू-गुस्लला अडचण नाही.

दुसरी, लकव्यासाठीची चिप. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यूरालिंकने मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ती बसवली. तो विचाराने संगणकाचा बाण हलवतो, पण त्याचे हातपाय हललेले नाहीत. हे अजून प्रयोग आहेत. त्यांच्या भरवशावर घर-दागिने विकू नका.

लकव्यात खरा इलाज वेळेचा आहे. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर मालिश किंवा कबुतराचं रक्त यात वेळ दवडू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठा.

आणखी एक. कंपवाताच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्याव्या लागतात, त्या अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. म्हणून रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे, नमाज बसून किंवा इशाऱ्यानेही होते. अब्बांना हे प्रेमाने समजावा, ते उठत असताना हात द्या, घाई करू नका. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण वेळेवर दवाखाना गाठणं आपल्या हाती आहे.