सही करण्यापूर्वी

गेल्या श्रावणात उणकल तळ्यावरून फिरून येताना एका जुन्या सहकारी शिक्षकांच्या घरी डोकावलो. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडून चार महिने झाले होते. वाचाही जड झालेली. वय त्रेपन्न. वहिनींनी चहा दिला आणि एक कागद पुढे केला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता तो. सहीची जागा तेवढी रिकामी.

"भाऊजी, रजा संपत आली. एकदाचे पेन्शन सुरू झाले म्हणजे औषधांची तरी सोय होईल. अपंगत्वाचे पेन्शन मागाहून बदलून घेता येते, असे कोणी सांगितले."

हा समज आपल्या पुष्कळ घरांत आहे. निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाचे वेतन ही जणू एकाच घराची दोन दारे. वाटेल तेव्हा ह्यातून त्यात जावे! वस्तुस्थिती तशी नाही. सरकारी सेवेतील रुग्णता निवृत्तिवेतन हे सेवेत असतानाच, 'कायमचा अक्षम' असा वैद्यकीय दाखला मिळाल्यावर लाभते. स्वेच्छेने निवृत्त झालेल्यास ते पुढे मागता येत नाही. राजीनामा दिल्यास तर मागची सारी सेवाच बुडते. शिवाय चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला निराळा आणि सेवेस अक्षम असल्याचा दाखला निराळा. ह्या दोहोंची गल्लत सुशिक्षितही करतात.

परंतु आमच्या मित्रांस ह्यांपैकी एकाही पेन्शनची घाई करण्याचे कारणच नव्हते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ ह्याच्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेला कमी करता येत नाही, की पदावनत करता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावयाचे; तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. कर्नाटकात निवृत्तीचे वय साठ. म्हणजे सात वर्षांचा पूर्ण पगार एका बाजूस, आणि फार तर निम्म्या मूळ वेतनाइतके पेन्शन दुसऱ्या बाजूस!

हे संरक्षण १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ म्हणून होते. केंद्रीय दलातील एका शिपायाचा पाय कापावा लागला आणि त्यास रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठविण्यात आले. 'कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार' ह्या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली निर्णय दिला, की रुग्णता निवृत्तिवेतन मिळाले एवढ्याने कलम ४७ चे संरक्षण नाकारता येणार नाही. परतीची वाट आहे ती ही अशी. पण ती दिल्लीच्या न्यायालयातून जाते, आणि शिवाय त्या गृहस्थांस सेवेतून काढण्यात आले होते, त्यांनी आपण होऊन निवृत्ती मागितली नव्हती.

खाजगी कारखान्यांत वा पेढ्यांत काम करणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळते. ते पन्नाशीनंतर आधीही घेता येते, मात्र दर वर्षामागे चार टक्के कपात, आणि ती जन्मभराची. नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास निराळे पेन्शन आहे. त्यास दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. तेव्हा आजारपणाच्या घाईत कोणता अर्ज भरतो आहोत, हे पाहावे.

त्या संध्याकाळी वहिनींनी तो कागद कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी कलम २० (४) चा आधार देऊन नवा अर्ज लिहून दिला. वैद्यकीय मंडळापुढची तारीख दोनदा पुढे गेली. मधल्या तीन महिन्यांत पगार नव्हता. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, हे मला फार उशिरा कळले. अखेर त्याच वेतनश्रेणीत कार्यालयीन कामाचा आदेश आला. सध्या ते रोज पाटीवर डाव्या हाताने सही गिरवीत असतात; बँकेस नवी नमुना सही द्यावयाची आहे.