पॅसेंजरचे प्रवासवर्णन

मराठीत प्रवासवर्णन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे विमानतळ, समुद्र, नाहीतर हिमालय उभा राहतो. दौंडहून मनमाडला पॅसेंजरने गेलेल्या माणसाने त्या प्रवासाची हकीकत लिहिली, तर तिला प्रवासवर्णन म्हणायला आपण सहसा तयार होत नाही. तिला आपण छंद म्हणतो, फार तर वेड म्हणतो. असे रेल्वेवेडे आता आपल्याकडे संख्येने थोडे नाहीत आणि त्यांच्या लेखनाची तऱ्हाही ठरून गेलेली आहे. गाडी किती वाजता सुटली, इंजिन कोणत्या जातीचे होते, डबे किती होते, कोणत्या स्थानकात कोणत्या गाडीसाठी किती मिनिटे खोळंबा झाला, नदी कोठे ओलांडली, चढ कोठे लागला. साहित्याच्या पंगतीत या लेखनाला अद्याप पाट मिळालेला नाही. तो मिळावा असे आमचे मत आहे. मात्र पाट मांडताना या लेखकांकडून एक मागणेही मागावे, असे आम्हांस वाटते.

उदाहरणासाठी दौंड-मनमाड हाच मार्ग घेऊ. सुमारे २३५ किलोमीटरांच्या या मार्गाचा बहुतेक भाग नगर जिल्ह्यात येतो. सरकारदरबारी २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. डब्यातल्या बोलण्यात ‘नगर’ अजून आहेच. हा मार्ग बांधला गेला तो जिल्ह्यासाठी नव्हे. मुंबईहून निघालेल्या जीआयपी रेल्वेचा एक फाटा मनमाडवरून भुसावळकडे गेला होता, दुसरा दौंडवरून सोलापूर-रायचूरकडे. या दोन फाट्यांना आडवे सांधणारा रस्ता हवा होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या माणसांच्या हातून त्याचे मातीकाम करून घेतले गेले आणि १८७८ साली तो वाहतुकीला खुला झाला. ज्यांनी भराव घातला त्यांची गावे या रस्त्याच्या हिशेबात फारशी नव्हती. स्थानकांची नावेच त्याची साक्ष देतात. ‘श्रीगोंदा रोड’, ‘रांजणगाव रोड’. नावातला ‘रोड’ म्हणजे गाव येथे नाही, येथून पुढे तुमचे तुम्ही चाला, अशी रेल्वेने दिलेली प्रांजळ कबुलीच म्हणायची.

जिल्ह्याला ओलांडून जाण्यासाठी घातलेले हे रूळ जिल्ह्याचे झाले ते पॅसेंजरमुळे. मेल आणि एक्स्प्रेस यांना नगर हे एक स्थानक असते. पॅसेंजरला नगर हा जिल्हा असतो. भीमा ओलांडली की काष्टी लागते, मग श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर. विसापूरला ब्रिटिश अमदानीतला तलाव आहे. पुढे सारोळा, अकोळनेर. नगरच्या अलीकडे अरणगावजवळ मेहेरबाबांच्या मेहेराबादच्या खालच्या आणि वरच्या भागांमधून रूळ जातात. नगर सुटल्यावर विळद, वांबोरी, राहुरी. मुळा आणि प्रवरा मागे पडतात आणि खिडकीतला रंग बदलतो. भंडारदऱ्याच्या धरणाने आणि प्रवरेच्या कालव्यांनी विसाव्या शतकात या उत्तर भागात ऊस आणला. शेतीच्या पुस्तकात ही गोष्ट आकड्यांत वाचावी लागते. पॅसेंजरमध्ये ती एका दुपारी डोळ्यांनी वाचता येते, कारण गाडी प्रत्येक पानावर थांबते.

बेलापूर नावाच्या स्थानकावर उतरलेला प्रवासी श्रीरामपूर शहरात बाहेर पडतो. बेलापूर गाव तेथून काही किलोमीटरांवर प्रवरेकाठी आहे. स्टेशनाभोवती पेठ वसली, साखरेने ती वाढली, तिचे शहर झाले, तालुका झाला. स्थानकाने मात्र जुनेच नाव चालवले. पुढे पुणतांबे, चांगदेवांच्या समाधीचे गाव. २०१७ च्या शेतकरी संपाची हाक याच गावाच्या ग्रामसभेतून गेली. येथून शिर्डीचा फाटा फुटतो. गोदावरी ओलांडली की कान्हेगाव, कोपरगाव, मग नाशिक जिल्ह्यातले येवला आणि शेवटी अनकाईचा डोंगर. रेल्वेवेडा हे सारे वेळेनिशी टिपून ठेवतो. कोरडे वाटते खरे. पण हा कोरडेपणा आम्हांला मौल्यवान वाटतो, कारण या स्थानकांविषयी एरवी कोणी काही लिहीत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईहून खास गाडीने नगरला आणून किल्ल्यात कैद केले गेले. त्या गाडीची नोंद इतिहासात आहे. त्याच दिवसांत याच रुळांवरून अकोळनेरला थांबत गेलेल्या गाडीची नोंद कोण ठेवणार?

टिपणे ठेवणारे हे लेखन मराठीला परके आहे, असेही नाही. गोविंद नारायण यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात शहर मोजून, मापून, विचारपूस करून मांडले आहे आणि त्यात नव्याने आलेल्या रेल्वेलाही जागा आहे. पुढे आपले प्रवासवर्णन या वाटेने फारसे गेले नाही. ते परदेशी गेले. ‘अपूर्वाई’ने १९६० साली लावलेली गोडी इतकी जबर होती की, लांब गेल्याखेरीज प्रवास होतच नाही अशी समजूत रूढ झाली. पु. लं.चा यात दोष नाही. त्यांच्यापाशी पाहण्याची जी दृष्टी होती ती बाजूला राहिली आणि अनुकरण करणाऱ्यांनी फक्त पासपोर्ट उचलला.

जपानात याच्या उलट घडले. मियावाकी शुन्झो हे एका नामांकित प्रकाशनसंस्थेतले संपादक. सुट्टीच्या दिवसांत वेळापत्रक हाती घेऊन त्यांनी जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचा सुमारे वीस हजार किलोमीटरांचा प्रत्येक मार्ग प्रवास करून संपवला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात पर्यटनस्थळे जवळजवळ नाहीत. गाडी चुकू नये म्हणून केलेली आटापिट आहे, ओसाड शाखामार्गांवरचे शेवटचे स्थानक आहे, परतीच्या गाडीची वाट पाहणे आहे. जपानी वाचकांनी त्याला साहित्य म्हणून स्वीकारले. पुढच्या दशकात त्यांतले अनेक तोट्यातले शाखामार्ग बंद झाले. आज ते पुस्तक उघडणाऱ्याला एका माणसाचा छंद दिसतो, त्याबरोबर नकाशावरून पुसल्या गेलेल्या गावांचा हजेरीपटही दिसतो. छंदाची टिपणे दस्तऐवज कशी होतात, ते येथे कळते.

आता मागणे काय, ते सांगतो. आपल्या रेल्वेवेड्याची नजर खिडकीबाहेर असते, पुढे इंजिनाकडे असते. डब्यात ती क्वचितच वळते. सहप्रवासी त्याच्या लेखनात येतात ते गर्दी या एका शब्दात. एकेरी मार्गावर पॅसेंजरला बाजूच्या लूपवर घालून मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढतात, तेव्हा हा लेखक हरखून जातो. दोन गाड्या पाहायला मिळाल्या, इंजिनाचा क्रमांक टिपता आला. त्याच डब्यात अपडाऊन करणारा कामगार घड्याळाकडे पाहत असतो, कारण त्या पंचवीस मिनिटांत त्याचा खाडा लागणार असतो. एकाच खोळंब्याची ही दोन मोले आहेत. ज्या लेखात पहिलेच तेवढे येते, तो लेख इंजिनाविषयी खरा असला तरी प्रवासाविषयी अपुरा राहतो.

डब्यातल्या बोलण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण मराठी साहित्याला शोधायला लांब जावे लागत नाही. १८९३ साली ना. वा. टिळक राजनांदगावला रेल्वेने निघाले असता डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना बायबल दिले. दोन वर्षांनी टिळक ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाईही त्यांच्यापाशी आल्या. टिळक कुटुंबाचे नगरचे आणि राहुरीचे दिवस ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठीत अजरामर झाले. ती गाडी किती उशिरा धावत होती, हे कोणाला ठाऊक नाही. त्यातले संभाषण मात्र एका वाङ्मयाचे वळण ठरले. नगरला याच टिळकांच्या घरी राहिलेले बालकवी ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली सापडून गेले. भादली हे लहानसे स्थानक मराठी वाचकाला माहीत आहे ते तेवढ्यासाठी. स्थानकाचे नाव माणसामुळे लक्षात राहते, ही साधी गोष्ट टिपणे काढणाऱ्याने विसरू नये.

हे सारे वाङ्मयीन मागणे म्हणून सोडून देता आले असते. पण पॅसेंजर हीच गोष्ट आता पूर्वीसारखी निश्चित राहिलेली नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ किंवा ‘एक्स्प्रेस’ या नावांनी आल्या, आणि दोनशे किलोमीटरांहून लांब धावणाऱ्या पॅसेंजरना एक्स्प्रेस करण्याचे धोरणही त्याच वर्षी पुढे आले. पुण्याहून दौंड, नगर, मनमाड, औरंगाबाद, नांदेडवरून निजामाबादेला जाणारी लांब पल्ल्याची पॅसेंजर या भागातल्या रेल्वेवेड्यांची लाडकी गाडी होती. तीही पुढे एक्स्प्रेस झाली. जेथे किमान दहा रुपये लागत, तेथे तीस रुपये लागू लागले. लहान अंतरावर जाणाऱ्याला ही तिप्पट होती. साध्या दुसऱ्या वर्गाचे भाडे परत आले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. या काळात रेल्वेवेड्यांनी काय लिहिले? क्रमांक बदलले, डबे बदलले, वेळ बदलली, हे चोख लिहिले. दहाचे तीस झाल्यावर डब्यातून कोण कमी झाले, हे लिहिणारे फार थोडे निघाले. त्या वेळी डब्यात बसलेला, वेळ असलेला आणि लिहिण्याची सवय असलेला माणूस तोच होता. म्हणून ही उणीव आम्हांला खुपते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एकेरी मार्गावर सर्वत्र थांबणारी गाडी रूळ अडवून बसते, मालगाड्या आणि लांबच्या गाड्या तिच्यामागे तुंबतात, हे खरे आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत मनमाड ते पुणतांबे याच रुळांवरून धावते. तिने लहान स्थानकांवर थांबावे असे म्हणणे हट्टाचे होईल. दौंडला पुण्याकडून नगरकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्यांचा तो वेळ वाचला, हेही चांगलेच झाले. दौंड-मनमाड दुहेरीकरण याचसाठी हाती घेतले गेले. आमचे म्हणणे इतकेच की दुसऱ्या रुळाने जी जागा मोकळी होईल, तिच्यात थांबत जाणाऱ्या गाडीचा वाटा असला पाहिजे. नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब पुन्हा लागू होईल. रूळ जिल्ह्यातून जातील, जिल्ह्यासाठी नव्हे.

या बाबतीत जिल्ह्यातलाच एक नवा मार्ग आशा देतो. नगर-बीड-परळी मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. या मार्गावर पहिल्याने धावली ती थांबत जाणारी डेमू. तिच्या पहिल्या दिवसांची छायाचित्रे पुष्कळ निघाली, फुलांच्या माळा घातलेल्या इंजिनाची तर फारच. त्या गाडीत पहिल्यांदा रेल्वेत बसलेली माणसे होती. ती कोणत्या कामाला निघाली होती, एरवी त्या रस्त्याला एसटीने किती वेळ आणि किती पैसे लागत, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ही गाडी उपयोगी पडेल की नाही, हे विचारणारी टिपणवही अजून कोरी आहे. मार्ग परळीपर्यंत जायचा आहे. रेल्वेवेड्याला वेळापत्रक पाठ असते, उशिराचा त्याला कंटाळा नसतो आणि कोणत्याही स्थानकावर उतरायला तो तयार असतो. प्रवासवर्णनकाराला याहून अधिक भांडवल लागत नाही. इंजिनाचा क्रमांक त्याने जरूर टिपावा. त्याच पानावर समोरच्या बाकावरच्या माणसाला विचारून, तो कोठे चढला, कोठे उतरणार आणि ही गाडी नसती तर कसा गेला असता, एवढ्या तीन गोष्टीही त्याने लिहाव्यात.