अंगणातली जुनी गाडी आणि काकूंची सही

घरातला कर्ता पुरुष गेला की तेरवीनंतर सगळ्यात आधी फाटकाशी कोण उभं राहतं, सांगा बरं? कबाडी! आमच्या प्रतापनगरात जुने प्लॉट, जुनी घरं. त्या घरांच्या आवारात एखादी बंद पडलेली गाडी हमखास असते, ताडपत्रीखाली झाकलेली. आणि बाई एकटी आहे म्हटल्यावर तिला त्या गाडीचं मोल कळणार नाही, हे गृहीतच धरलेलं असतं.

आमच्या मंडळात विधवा बायकांची कागदपत्रं करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. पेन्शन, सातबारा, बँक, सगळं येतं. गाडी मात्र पहिल्यांदाच आली. एका काकूंच्या अंगणात स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. कबाडी किलोवर भाव करून गेला. एक शौकीन फोनवर म्हणाला, उद्याच ट्रक पाठवतो, कागदांचं मागाहून पाहू. पुतण्या म्हणतो, आधी रंग मारू, चकाचक करू, मग विकू. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबांची आठवण आहे, विकायचीच नाही. काकूंना काय वाटतं हे मात्र चौघांपैकी एकानंही विचारलं नाही.

आता ही हेराल्ड म्हणजे काय? 1961 ते 1971 या काळात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं ही गाडी आपल्याकडे बनवली. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. हिचा आराखडा मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचा. बॉनेट उघडायचं म्हणजे पुढचा अख्खा भागच पुढे झुकतो, मडगार्डांसकट. हिच्याच चासीवरून बेतून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आपली हेराल्ड त्या धावपटू गाडीची घरात राहिलेली थोरली बहीण! (थोरल्या बहिणींचं असंच होतं, हे वेगळं सांगायला नको.)

पुतण्याच्या रंगाला माझा सक्त विरोध आहे. वरून लांबी आणि रंग लावला की खालचा गंज दिसत नाही. ज्याला गाडी स्वतः उभी करायची आहे त्याला तोच गंज आधी बघायचा असतो. इंग्लंडमधल्या हॅरल्ड कार नावाच्या डॉक्टरांनी 1937 सालची बुगाटी कितीतरी वर्षं गॅरेजात बंद ठेवली होती. 2007 मध्ये ते गेले आणि 2009 च्या फेब्रुवारीत ती गाडी पॅरिसच्या लिलावात आहे तशीच, धुळीसकट, सुमारे 34 लाख युरोंना गेली. त्याच शहरात 2015 मध्ये 1961 सालची एक फेरारी 1 कोटी 63 लाख युरोंना गेली. ती सापडली तेव्हा तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. म्हणजे गाडीचं माळा म्हणून वापरणं काही आपल्याच घरात होतं असं नाही! काकूंच्या हेराल्डला असे कोटी मिळणार नाहीत, हे त्यांना स्पष्टच सांगितलं. पण ती किलोनं जाण्याइतकी स्वस्तही नाही.

आणखी एक. खूप वर्षं उभ्या असलेल्या गाडीला धक्का मारून सुरू करून दाखवायचा मोह टाळा. आतले पिस्टन जाम झालेले असतात, जोर लावला तर जे शाबूत आहे तेही तुटतं. बंद आहे तर 'बंद आहे' असंच लिहावं. आम्ही तसाच मजकूर केला: इंजिन फिरत नाही, फरशीचा पत्रा डावीकडे गंजलेला, मागची काच मूळची नाही, चावी आणि जॅक आहे, आर. सी. पुस्तक आहे, नूतनीकरण राहिलेलं आहे. गंजलेल्या जागेचे फोटो आधी काढले, चांगल्या बाजूचे नंतर. पुतण्या म्हणाला, अशानं कोण घेईल? मला वाटतं, अशानंच घेतील. मुलगी दाखवताना लपवाछपवी केली की पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, मग गाडीचं वेगळं काय?

2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी असेल तर 20 हजार रुपये भरून वेगळी नोंदणी मिळते, दहा वर्षांची. नंबरात 'व्ही ए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला मात्र ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून मूळ भाग काढून 'जुगाड' बसवला की घेणाऱ्याचा हा रस्ता अडचणीत येऊ शकतो. आणि 1985 ची पद्मिनी कितीही खडखडली तरी अजून या नियमात विंटेज नाही बरं का!

पण माझी खरी चिंता त्या ट्रकवाल्याची. 'कागद मागाहून' हे वाक्य ऐकलं की फाटक लावून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, गाडी विकलेली असली तरी. काकूंची गाडी तर अजून काकांच्याच नावावर आहे. मालक गेल्यावर तीन महिन्यांत वारसानं नमुना 31 भरून नाव लावून घ्यायचं असतं, तेच राहून गेलंय. आधी ते करायचं, मगच विक्रीचे नमुने 29 आणि 30.

वारसांच्या संमतीची पाळी आली तेव्हा मुलाची सही ताबडतोब धरण्यात आली. मुलगी अमरावतीला दिलेली. "तिला कशाला त्रास, ती काय गाडी मागणार आहे?" असं घरातलेच म्हणाले. मैत्रिणींनो, मागणार नाही हे तिला सांगू द्या ना! कायद्यानं ती मुलाइतकीच वारस आहे. मी तिला फोन लावला. तिला पैसे नको होते, पण ती लगेच म्हणाली, "विकणार असाल तर आईच्या खात्यात जमा करा, दादाच्या नको." सही करायला ती पुढच्या रविवारी येतेय.

आणि आठवणीचं म्हणाल तर, आठवण जपायला पुण्याहून कुणी येत नाही. ताडपत्री बदलणं, उंदरांचा बंदोबस्त, पावसाळ्यात खाली साचलेलं पाणी काढणं हे काकूच करतात, बहात्तराव्या वर्षी. ज्याला आठवण हवी त्यानं गाडी घेऊन जावी. मुलाला हे मी फोनवर सांगितलं, त्याला राग आला. येऊ दे.

परवा एकजण फक्त दोन आरसे आणि चाकांच्या टोप्या मागायला आला होता. रोख देतो म्हणाला. काकूंनी नाही म्हटलं, ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळून बांधली आणि आत निघून गेल्या.