धुराचे खाते कोण लिहिणार?

यवतच्या परिसरात, केडगाव-खुटबावपासून राहू बेटापर्यंत, कालव्याने आणि मुळा-मुठेने ऊस दिला आणि उसाने गुऱ्हाळे दिली. चुलवाणात वाळलेले चिपाड जळत असेल तर धूर पांढुरका असतो. पण चिपाड कधी ओले असते, कधी पुरत नाही. मग प्लास्टिकचा कचरा, रबर, टायरचे तुकडे आत जातात आणि धुराडे काळे ओकू लागते. दौंड तालुक्यातील या प्रकाराविषयी वर्तमानपत्रांतून अनेकदा लिहून आले आहे. पाहणीला कोणी येणार म्हटले, की त्या दिवशी चुलवाणात चिपाडच असणार, हेही उघड आहे.

माझे आयुष्य बँकेत गेले. तिथला नियम साधा होता : जे वहीत नाही, ते नाही. यवतच्या धुराची नेमकी हीच गत आहे. तो डोळ्यांना दिसतो, घशाला कळतो, पण कोणत्याही वहीत नाही.

पुण्याचे तसे नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१३ मध्ये शहरासाठी 'सफर' ही यंत्रणा उभारली. हडपसर, मांजरीपर्यंत तिची केंद्रे आली. यवत तिथून तासाभराच्या अंतरावर. पण जाळे शहरासाठी विणलेले, त्यामुळे गाव बाहेर राहिले. वारा मात्र हद्द पाळत नाही.

मोठे केंद्र महाग असते. आता हातात मावणारी, लेझरच्या उजेडात धूलिकण मोजणारी यंत्रे पुष्कळ स्वस्तात मिळतात. त्यांना एक खोड आहे. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगते. म्हणून ते अधूनमधून सरकारी केंद्राच्या यंत्राशेजारी ठेवून पडताळावे लागते. शाखेच्या आणि मुख्य कार्यालयाच्या वह्यांचा ताळमेळ घालतात, तसेच हे. ताळमेळ नसलेला आकडा घेऊन कचेरीत जाऊ नये. पहिल्याच प्रश्नाला हसे होते.

हे खेड्यात जमेल का? कानपूरच्या आयआयटीने उत्तर प्रदेश आणि बिहारच्या ग्रामीण भागात गटवार अशी यंत्रे बसवली. बिहारच्या खेड्याला जे मिळाले, ते दौंडच्या पंचायत समितीला का मागता येऊ नये?

आणि सरकारची वाट न पाहणारेही आहेत. तमिळनाडूत कडलूरच्या रासायनिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी २००४ मध्ये साध्या बादलीत बसवलेल्या पिशवीत हवा भरून प्रयोगशाळेला पाठवली. वास कधी आला, वारा कुठून होता, याच्या नोंदी ठेवल्या. हे यवतला विशेष लागू पडते, कारण टायरच्या धुरात नुसते कण नसतात, विषारी वायूही असतात, आणि ते त्या स्वस्त यंत्राला दिसत नाहीत.

खरी अडचण यंत्राची नाहीच. गुऱ्हाळवाला भावकीतला, ऊस आपलाच, गुळाचा पैसाही गावातच फिरतो. तक्रार म्हणजे वैर. खोकणाऱ्या म्हातारीला हे कळते, म्हणून ती गप्प बसते. चुलवाणापुढे उभा राहणारा मजूर सर्वांत जास्त धूर गिळतो. त्याला तर बोलायची सोयच नाही. आकड्याला मात्र भावकी नसते. डेअरीत फॅटचा आकडा लागतो, त्यावरून कोणी कोणाशी बोलणे सोडत नाही.

लोकसहभाग हा शब्द मला सरकारी वाटतो, पण वस्तू यवतला नवी नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथे मुक्कामी असते आणि गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरी घालते. घरोघरच्या भाकरी गोळा होतात. त्या गावाला दोन यंत्रे आणि एक वही जड नाही. एक यंत्र शाळेत, एक ग्रामपंचायतीवर. सकाळ-संध्याकाळचा आकडा मुलांनी फळ्यावर लिहावा. शेजारी देशाची मर्यादा लिहावी : सूक्ष्म कण चोवीस तासांत सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली, तीही खाली असू द्यावी. वहीत चिपाडाच्या भावाचाही एक रकाना हवा. भाव चढला की धूर काळा होतो का, हे त्यातून कळेल, आणि मग गुऱ्हाळवाल्याशी भांडण्याऐवजी त्याच्या जळणाविषयी बोलता येईल.

वही पाऊस ओसरताच सुरू करावी. धुतलेल्या हवेचा आकडा आधी लिहिलेला असला, तर थंडीतल्या धुराची आरंभीची शिल्लक हाती असते.